संध्याकाळी वायफाय बसतं, सकाळी पुन्हा चालतं: राउटरचा हा बिघाड घरच्या घरी कसा शोधायचा

राउटर बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करणाऱ्याला कोल्हापुरात संध्याकाळी सात ते दहा फोन खाली ठेवता येत नाही. "वायफायचा टॉवर फुल्ल दिसतोय, पण नेट चालंना झालंय." शिवाजी पेठ असो, राजारामपुरी असो की कळंबा, वाक्य हेच. कंपनीला फोन केला की "आमच्याकडून लाईन ओके आहे" असं उत्तर येतं. सकाळी नेट आपोआप सुरू होतं, संध्याकाळी पुन्हा तेच. तिकडे लाईन खरंच ओके असते, असं मला बहुतेक वेळा दिसतं. बिघाड घरातच असतो: अडॅप्टरमध्ये, राउटर ठेवलेल्या जागेत, किंवा गल्लीभर पसरलेल्या पासवर्डात. खालच्या तपासण्या फुकटातल्या आधी आणि खर्चाच्या नंतर अशा क्रमाने लिहिल्या आहेत. क्रम मोडू नका, नाहीतर दोनशे रुपयांच्या दुखण्यासाठी दोन हजारांचा राउटर घेऊन बसाल.

त्याआधी एक सूचना. राउटरच्या मागे रीसेटचं बारीक भोक असतं, त्यात पिन घालू नका. राउटर बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट करणं वेगळं. रीसेट केलं की कंपनीने भरलेलं पीपीपीओईचं, म्हणजे नेटच्या लॉगिनचं, युजरनेम, पासवर्ड आणि बाकीची सेटिंग्ज पुसली जातात. मग लाईन चांगली असली तरी नेट येत नाही आणि माणूस येईपर्यंत घर बंद. ही माहिती वहीत लिहिलेली नसेल तर त्या भोकाला हात लावायचा नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

"नेट बसलं" या एका तक्रारीत सहा-सात वेगवेगळी दुखणी असतात. तुमचं कोणतं ते बघा:

- फोन वायफायला जोडलेला आहे, पण खाली "इंटरनेट नाही" असं येतं.
- वायफायचं नावच यादीतून गायब होतं आणि दोन-तीन मिनिटांनी परत दिसतं.
- हॉलमध्ये पळतं, आतल्या खोलीत गोल गोल फिरत बसतं.
- दिवसभर ठीक, रात्री जेवणाच्या वेळेला रांगतं.
- पासवर्ड बरोबर असूनही फोन "आयपी अॅड्रेस घेत आहे" इथेच अडकतो.
- बाकी सगळं चालतं, पण काही साइट उघडत नाहीत किंवा बँकेचं पान वेगळंच दिसतं.
- राउटरवर एलओएस नावाचा दिवा लाल झालाय.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट केबलच्या भागाकडे जा. बँकेच्या पानाचं असेल तर आत्ताच त्या वायफायवर व्यवहार थांबवा आणि "भलतंच पान उघडतंय" हा भाग आधी वाचा.

दिवे, आणि बंद-चालू करायची पद्धत

दिवे बघायला पैसे लागत नाहीत आणि अर्धा निकाल तिथेच लागतो. फायबर असेल तर काचेची तार ज्यात येते त्या कंपनीच्या डब्यावर पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा हवा. तो लुकलुकत राहिला तर डबा कंपनीच्या यंत्राशी जुळायचा प्रयत्न करतोय आणि जुळत नाहीये. एलओएस लाल म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाही. पॉन स्थिर आणि इंटरनेटचा दिवा बंद असेल तर तार ठीक आहे, पण लॉगिन होत नाही. असं झालं तर महिन्याचं रिचार्ज संपलंय का ते आधी बघा. हे सांगावं लागतं, कारण बरेचदा कारण तेच निघतं.

बंद-चालू करताना बटण दाबून लगेच परत दाबू नका. अडॅप्टर काढा, अर्धा मिनिट थांबा. डबा आणि राउटर वेगळे असतील तर आधी डबा लावा, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर लावा. डबा जुळायच्या आधीच राउटर उठला तर काही मॉडेलना पत्ता मिळत नाही आणि "इंटरनेट नाही" तसंच राहतं.

अडॅप्टर: सगळ्यात जास्त वेळा हाच

नाव गायब होऊन परत येत असेल तर राउटर स्वतःहून बंद पडून पुन्हा सुरू होतोय. खात्री करायला राउटरचं पान उघडा. त्याचा पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि तो ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाकायचा. स्टेटसच्या पानावर "अपटाइम" शोधा. सकाळपासून कोणी हात लावलेला नाही, लाइटही गेलेली नाही, आणि अपटाइम अकरा मिनिटं दाखवतोय? मग चोर सापडला.

अडॅप्टरच्या आतले कपॅसिटर उष्णतेने दोन-तीन वर्षांत थकतात. दुपारी एखादाच फोन चालू असतो तेव्हा तो भार कसाबसा पेलतो. संध्याकाळी टीव्ही, पोरांचे फोन, लॅपटॉप सगळं एकदम सुरू झालं की राउटर जास्त करंट ओढतो, व्होल्टेज खाली येतं आणि राउटर बसतो. म्हणून हा बिघाड संध्याकाळचाच दिसतो आणि दोष लाईनला जातो.

अडॅप्टरवरचा आणि राउटरवरचा छापील आकडा जुळवून बघा. राउटरवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलं असेल तर अडॅप्टर १२ व्होल्टचाच हवा. अँपिअर त्याहून जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. जुन्या सेटटॉप बॉक्सचा ९ व्होल्टचा किंवा अर्ध्या अँपिअरचा अडॅप्टर पिन बसतेय म्हणून लावलेला मी घराघरात पाहतो. योग्य अडॅप्टर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. राउटर बदलायच्या आधी हा बदला.

इन्व्हर्टर असूनही लाइट जाताना नेट तुटत असेल तर त्या बदलाच्या क्षणात राउटर बंद पडतो. त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. मात्र घेण्यापूर्वी शेजारी विचारा: लाइट गेल्यावर त्यांचंही नेट जातं का? गल्लीतल्या कंपनीच्या पेटीलाच बॅकअप नसेल तर घरातला यूपीएस कामाचा नाही.

जागा

पेठांमधल्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. तिथे राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा शोकेसच्या आत ठेवला की आतल्या खोलीत सिग्नल पोचणं अवघडच. राउटर उघड्यावर, छातीच्या उंचीला, घराच्या शक्य तितक्या मध्ये हवा.

चाचणी सोपी आहे. राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभं राहून ५ गिगाहर्ट्झच्या नावावर (बऱ्याच राउटरची वायफायची दोन नावं असतात, एक २.४ चं आणि एक ५ चं) स्पीड बघा, मग तोच फोन घेऊन आतल्या खोलीत बघा. जवळ चांगला आणि आत वाईट असेल तर लाईनचा काही दोष नाही. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतीपुढे लवकर दमतं, २.४ गिगाहर्ट्झ हळू आहे, पण लांब जातं. आणि १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरणार, शंभर नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे चांगल्या लाईनवरही तक्रारी होतात.

पासवर्ड कोणाकोणाकडे आहे?

इथे जरा थांबतो, कारण स्पीड आणि सुरक्षा ही दोन वेगळी कामं आहेत असं लोक समजतात. कंपनीच्या माणसाने नेट चालू करून दिलं की काम संपलं, सुरक्षेचं बघू नंतर. तो "नंतर" येत नाही, आणि संध्याकाळी नेट का रांगतं याचं उत्तर त्यातच असतं.

कोल्हापुरात वायफायचे पासवर्ड दोन प्रकारचे. एक, घरातल्या कर्त्याचा मोबाइल नंबर. दोन, एमएच ०९ ने सुरू होणारा गाडीचा नंबर. पहिला अख्ख्या गल्लीच्या फोनमध्ये सेव्ह आहे, दुसरा दारात उभा आहे. त्यात गणपतीत मंडळाच्या मांडवातल्या कॅमेऱ्यासाठी पासवर्ड दिला जातो, वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांना दिला जातो, पाहुण्यांना तर मागायच्या आधीच दिला जातो. आणि एकदा दिलेला पासवर्ड तिथेच थांबत नाही. जोडलेल्या फोनवरून क्यूआर कोड काढून तो पुढच्याला देणं दोन सेकंदांचं काम आहे. मांडव निघतो, विद्यार्थी बदलतात, पासवर्ड तोच राहतो.

कोण जोडलेलं आहे ते असं बघा. राउटरच्या पानावर "डीएचसीपी लिस्ट" आणि "वायरलेस क्लायंट" अशा दोन याद्या असतात. दुसरी बघा. पहिल्या यादीत गेलेल्या फोनची नावंही बराच वेळ राहतात, ती बघून लोक उगाच घाबरतात. नाव अनोळखी असलं म्हणजे बाहेरचं, असंही नाही. अँड्रॉइड १० पासूनचे आणि आयओएस १४ पासूनचे फोन वायफायला स्वतःचा खरा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राची कायमची ओळख, न देता बनवलेला पत्ता देतात. त्यामुळे घरातल्या एकेका फोनचं, टीव्हीचं, कॅमेऱ्याचं वायफाय बंद करत जा आणि दर वेळी यादी ताजी करा. घरातलं सगळं बंद झाल्यावर जे उरलं ते बाहेरचं. एखाद्याला नावानिशी ब्लॉक करत बसू नका, तो पत्ता बदलून परत येतो. पासवर्डच बदला.

बदलायचे पासवर्ड दोन आहेत. वायफायचा सगळ्यांना माहीत असतो. राउटरच्या पानाचा, म्हणजे अॅडमिनचा, कोणी बदलतच नाही. तो स्टिकरवर छापलेला किंवा नुसता "अॅडमिन" असतो. वायफायमध्ये शिरलेला कोणीही ते पान उघडून तुमची सेटिंग्ज फिरवू शकतो, म्हणून हा आधी बदला.

वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा आणि मध्ये एखादा आकडा टाका: पायताण, ढग, विळी, सुतळी अशा धाटणीचे, पण हेच नकोत. आजीला सांगता येतो आणि बाहेरच्याला ओळखता येत नाही. तुमच्या वायफायच्या नावात आडनाव आणि फ्लॅट नंबर असेल तर तोही काढा. कोणतं वायफाय कोणाच्या घरातलं, ही माहिती रस्त्यावरच्या माणसाला कशाला द्यायची?

त्याच पानावर सुरक्षेचा प्रकार बघा. डब्ल्यूपीए२ सोबत एईएस, किंवा डब्ल्यूपीए३ हवं. डब्ल्यूपीए३ वर जुना टीव्ही जोडला जात नसेल तर दोन्हींचं मिश्र ठेवा. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी निवडलेलं असेल तर तुमचा बिघाड इथेच सापडला असण्याची शक्यता आहे. या दोन्ही जुन्या पद्धती फोडता येतात, आणि त्या निवडल्या की वायफाय ५४ एमबीपीएसच्या जुन्या वेगावर अडकतं. एक सेटिंग बदलली की सुरक्षा आणि स्पीड दोन्ही सुधारतात, आणि "प्लॅन वाढवून घ्या" हा सल्ला मिळालेल्या घरात हे करताना मला फार समाधान वाटतं.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. ही उणीव २०११ मध्ये उघड झाली, तरी घराघरातल्या राउटरवर डब्ल्यूपीएस अजून चालू दिसतं. पासवर्ड कितीही भारी ठेवला तरी हे दार उघडं असेल तर काय उपयोग? रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून राउटरचं पान उघडायची सोय, तीही बंद ठेवा.

पाहुणे, भाडेकरू, मंडळाचा कॅमेरा, सगळ्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा. ते तुमच्या लॅपटॉप-कॅमेऱ्यांपासून वेगळं राहतं आणि काम संपलं की त्याचाच पासवर्ड बदलता येतो. कनेक्शन तुमच्या नावावर आहे. त्यावरून कोणी काही उद्योग केले तर चौकशी पहिल्यांदा तुमच्या दारात येते.

जेवणाच्या वेळेलाच रांगतं

पासवर्ड बदलूनही तसंच असेल तर शेजारच्या राउटरांकडे बघा. अपार्टमेंटमध्ये फोनवर पंधरा-वीस वायफायची नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सगळ्यांचे राउटर एकाच चॅनेलवर असले की चौकात तीन मंडळांचे डॉल्बी एकदम लागल्यासारखं होतं, कोणाचंच धड ऐकू येत नाही. वायफाय तपासणारं एखादं फुकट अॅप घेऊन कमी गर्दीचं चॅनेल निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केलं की तुमचा राउटर जवळजवळ सगळी जागा अडवतो आणि सगळ्यांची टक्कर खातो. टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाका. मायक्रोवेव्हही २.४ च्याच आसपास चालतो, राउटर त्याच्या शेजारी नको.

आता या लेखातली सगळ्यात कामाची चाचणी. लॅपटॉपला लॅन केबल लावा, वायफाय बंद करा, आणि रात्री नऊला व सकाळी सातला स्पीड मोजून लिहून ठेवा. केबलवर रात्रीही पूर्ण स्पीड असेल तर दोष वायफायचा, म्हणजे घरातला. केबलवरही रात्री पडत असेल तर बहुधा कंपनीकडे गर्दी आहे. मग हे आकडे समोर ठेवून तक्रार करा, तेव्हा "लाईन ओके आहे" म्हणून फोन ठेवता येत नाही.

भलतंच पान उघडतंय

साइट मोबाइल डेटावर नीट उघडते आणि वायफायवर उघडत नाही, असं असेल तर राउटरमधला डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्राचा पत्ता, बघा. तिथे "ऑटो", किंवा तुम्ही स्वतः टाकलेला ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारखा पत्ता हवा. कोणीच न टाकलेला पत्ता दिसला तर कोणीतरी आत शिरून बदललाय असं धरून चाला: आधी अॅडमिन पासवर्ड, मग डीएनएस, मग वायफायचा पासवर्ड, आणि राउटरचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. अपडेट चालू असताना लाइट जायला नको, म्हणून वळवाच्या ढगाळ संध्याकाळी ते करू नका. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करा.

दोन राउटर

कंपनीच्या डब्याला नवा राउटर जोडला आणि फोन "आयपी अॅड्रेस घेत आहे" वर अडकायला लागले, तर बहुधा दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ आहे किंवा दोघंही पत्ते वाटतायत. नव्या राउटरला अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, पत्ते वाटणार नाही. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.२.१ करा. फोन-लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याला कोणीच पत्ता दिलेला नाही असा अर्थ.

केबल, वळीव आणि काचेची तार

काही भागांत अजून खांबावरच्या पेटीतून घरापर्यंत तांब्याची लॅन केबल येते. एप्रिल-मे मध्ये वळवाचा कडकडाट झाला की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरची केबल लागते ते भोक, जळलेले राउटर येतात. ओळख अशी: राउटर चालू, वायफाय दिसतं, पण दुसरी चांगली केबल लावूनही वॅनचा दिवा लागत नाही. विजा चमकायला लागल्या की अडॅप्टर आणि ती केबल दोन्ही काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, धक्का केबलमधूनही येतो.

फायबर असेल तर तार कुठे काटकोनात वाकलीय का, खिळ्याखाली दाबलीय का, दाराच्या फटीत चेपलीय का ते बघा. वाकल्यावर प्रकाश बाहेर निसटतो. हिरवा कनेक्टर काढून फुंकर मारू नका, टोकाला बोट लावू नका, आणि त्यात डोळा घालून अजिबात बघू नका. त्यातला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. डब्याच्या पानावर "आरएक्स पॉवर", म्हणजे तारेतून किती प्रकाश येतोय त्याचं माप, असेल तर आकडा बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान ठीक. उणे २७ च्या खाली, म्हणजे उणे २८, उणे ३०, हा सिग्नल कमजोर, आणि तो घरातून सुधारत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

एलओएस लाल आहे आणि घरातली तार सरळ आहे. आरएक्स पॉवर कमजोर आहे. फायबर तुटलंय, कारण ते जोडायला वेगळं यंत्र लागतं. रीसेट होऊन गेलंय आणि युजरनेम माहीत नाही. राउटर जळका वास मारतोय. खांबावरची केबल लोंबतेय: तिथे महावितरणच्या तारा शेजारी असतात, शिडी लावून चढायचं नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीकाठच्या घरांत भिजलेले राउटर काहींनी वाळवून लगेच प्लगला लावले होते. पाणी शिरलेलं यंत्र आणि तो बोर्ड, दोन्ही जाणकाराने बघितल्याशिवाय चालू करू नका.

फोन करताना "नेट बसलंय" एवढंच सांगू नका. कोणता दिवा कसा आहे, अपटाइम किती, आरएक्स पॉवर किती, केबलवर सकाळी-रात्री स्पीड किती, हे सांगा. माणूस योग्य सामान घेऊन येतो आणि दुसरी फेरी वाचते. तो काम करत असताना पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड विचारून वहीत लिहून घ्या. काम करायला त्याला वायफायचा आणि अॅडमिनचा, दोन्ही पासवर्ड द्यावे लागतील. तो गेला की दोन्ही त्याच दिवशी बदला.